हातापायांची साधना

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ज्याने सावकाश वाचला असेल, त्याला एका गोष्टीचा विस्मय वाटल्यावाचून राहिला नसेल. अठरा दशके भरून ब्रह्म, माया, भक्ती आणि विवेक यांचे निरूपण झाल्यावर, ग्रंथ समाप्तीकडे झुकत असताना, जेथे वाचकाची अपेक्षा एखाद्या परमगुह्याच्या उद्घाटनाची असते, तेथे समर्थ बोरू कसा निवडावा आणि कसा तोडावा, कागदाच्या भोवती जागा कशी सोडावी, अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे कसे असावे, ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने काढल्यासारखे कसे दिसावे, आणि तरुणपणी फार बारीक लिहिण्याची हौस केली तर ते लिखाण म्हातारपणी कसे निरुपयोगी होते, हे समजावून सांगत बसतात. कागद झडला तरी अक्षर झडू नये, असा त्यांचा आग्रह आहे. दोनशे समासांच्या ग्रंथात हा एक समास दफ्तरखान्यातील उमेदवारांच्या सोयीसाठी घातला असावा, असा तर्क कोणी करील. परंतु अकराव्या दशकात पहाटे उठून प्रातर्विधीसाठी दूर जावे आणि परतताना रित्या हाताने न येता काहीतरी घेऊन यावे, असे सांगणारा पुरुषही हाच आहे, हे ध्यानात आले म्हणजे तो तर्क टिकत नाही. मनाने जे मान्य केले ते बोटांत उतरलेले नाही तोवर ते मान्य झाले असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही, ही त्यांची धारणा होती, आणि त्या धारणेमुळेच ब्रह्मनिरूपणाच्या पंक्तीला बोरूची तोडणीही बसू शकली.

प्रस्तुत संग्रहातील प्रकरणे याच धारणेचा मागोवा घेणारी आहेत. संग्राहकांनी मजकडे हस्तलिखित पाठविले तेव्हा, संतचरित्रांच्या विपुल पिकात आणखी एका पुस्तकाची भर पडत आहे, एवढीच माझी प्रथम समजूत झाली होती. पण वाचीत गेलो तसे लक्षात आले, की येथे संतांची चरित्रे सांगितलेली नसून त्यांच्या हातांची आणि पायांची चरित्रे सांगितलेली आहेत. जात्याचा खुंटा, मळ्यातील खुरपे, चिखल तुडविणारे पाय, खराटा, फावडे, चरखा आणि वाट ही या पुस्तकातील खरी पात्रे आहेत. अध्यात्म म्हटले की मिटलेले डोळे आणि स्थिर आसन हेच चित्र आपल्यापुढे उभे राहते, आणि त्या चित्राचे मोल मी कमी मानीत नाही. तथापि महाराष्ट्राच्या परंपरेत त्याच्या शेजारी दुसरे एक चित्र सातशे वर्षे तितक्याच मानाने टांगलेले आहे, आणि त्याच्याकडे पाहण्याची आपली सवय मोडली आहे, हे या पुस्तकाने मला जाणवून दिले.

देहाच्या संबंधात साधक दोन परस्परविरोधी चुका करीत आला आहे. एक त्याला शत्रू मानून छळण्याची, दुसरी त्यालाच दैवत मानून सजविण्याची. दोन्हींत देह कामातून जातो. या पुस्तकातील वाट दोन्हींहून वेगळी, देहाला कामाला लावण्याची आहे, आणि तिचा आरंभ ज्ञानेश्वरांपाशी दिसतो.

ज्ञानेश्वरांच्या घरी योग परंपरेने आलेला होता. गोरक्षनाथांकडून गहिनीनाथांकडे, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि तेथून धाकट्या भावाकडे आलेली ती नाथांची विद्या देहालाच प्रयोगशाळा मानणारी होती, आणि शके १२१२ मध्ये नेवाशास सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन आहे ते इतके अवयवशः आणि इतके प्रत्ययकारी आहे, की लिहिणाऱ्याने ते अनुभवाशिवाय लिहिले असेल यावर विश्वास बसत नाही. परंतु त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायाशी आपण येऊन पोचतो तेव्हा भाषा पालटलेली असते. सर्वांच्या ठायी असलेल्या ईश्वराची पूजा करावयाची ती आपल्या वाट्याला आलेल्या कर्माच्याच फुलांनी, असे तेथे सांगितले आहे, आणि ही फुले कोणत्याही परड्यात, कोणत्याही हातांना खुडता येणारी आहेत. योग्याच्या गुहेतून शेतकऱ्याच्या बांधावर येण्याचा हा प्रवास ज्ञानेश्वरांनी ग्रंथात केला. लोकांनी मात्र तो एका कथेत सांगून टाकला, आणि ती कथा मला ग्रंथाइतकीच बोलकी वाटते. मुक्ताबाईला मांडे भाजावयाचे होते. गावाने वाळीत टाकलेल्या या भावंडांना कुंभाराने खापर देऊ नये, अशी तजवीज विसोबा चाटी याने केली. बहीण रडवेली होऊन परतली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी प्रदीप्त करून आपली पाठ तापविली आणि मुक्ताबाईने त्या पाठीवर मांडे भाजले. या कथेतील चमत्कार आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, आणि त्यातील हेतू विसरतो. नाथांची ती सारी अग्निसाधना, ते प्राणायाम आणि त्या मुद्रा, या सर्वांचा उपयोग कशासाठी झाला, तर धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकासाठी. ज्या लोकमानसाने ही कथा रचली त्याला योगाची थोरवी कबूल होती. पण त्या थोरवीचा हिशेब ते चुलीपाशी मागत होते.

गोरोबा कुंभारांच्या दोन कथा या संग्रहात एकाच प्रकरणात आल्या आहेत, आणि त्या एकत्र वाचण्याचा संग्राहकांचा आग्रह सर्वथा योग्य आहे. तेरच्या या कुंभाराच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातील थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले, मडके कच्चे की पक्के हे याने कळते असे उत्तर मिळाल्यावर आम्हा मडक्यांचीही परीक्षा होऊ द्या असे ती म्हणाली, आणि गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत शेवटी नामदेवांना कच्चे ठरविले. ज्या नामदेवांच्या हातून पंढरीचा देव नैवेद्य खातो अशी ख्याती होती, ते कच्चे ठरले, आणि ठरविणारा होता आयुष्यभर माती हाताळणारा एक कारागीर, ज्याच्या तळहाताला कच्च्या-पक्क्याचे ज्ञान शास्त्राने दिले नव्हते. पुढे नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, आणि तेथेही पहिला पाठ मिळाला तो पिंडीवर टाकलेल्या म्हाताऱ्या पायांकडून. जेथे देव नसेल तेथे हे पाय उचलून ठेव, असे विसोबा म्हणाले, आणि नामदेवांना ती जागा सापडेना.

दुसरी कथा सांगताना मात्र आपला आवाज खाली येतो. नामाच्या तंद्रीत चिखल तुडविणाऱ्या गोरोबांच्या पायांखाली त्यांचेच रांगते मूल तुडवले गेले. कीर्तनकार ही गोष्ट बहुधा तल्लीनतेची परमावधी म्हणून सांगतात. मला ते कधीच पटले नाही. माझ्या वाचनात ही परंपरेने स्वतःलाच दिलेली ताकीद आहे. पायांना आपण कशावर पडत आहोत याचे भान उरले नाही, तर ओठांवर कितीही पवित्र नाम असो, त्या पायांखाली कोणीतरी चिरडला जातो. आणि जो चिरडला जातो तो बहुधा घरातला सर्वांत लहान, सर्वांत निराधार असतो. कथेचा शेवटही पाहण्यासारखा आहे. गोरोबांनी आपले हात तोडून टाकले, आणि पंढरपुरात कीर्तनात टाळी वाजविण्यासाठी इतरांचे हात वर झाले तेव्हा त्यांचे हात परत आले, मूलही परत आले. हात नसलेला कुंभार परमेश्वरालाही पाहवला नाही, असेच लोकांनी जणू लिहून ठेवले आहे.

सावता माळ्यांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यांचे चरित्रच थोडके आहे. अरणच्या मळ्यात भाजीपाला पिकविणे हाच त्यांचा नित्यक्रम, आणि ते सोडून ते पंढरीस गेले नाहीत असे परंपरा सांगते. आषाढात साऱ्या महाराष्ट्रातून संतांच्या पालख्या पंढरपुरास येतात. सावतोबांची येत नाही. उलट, आषाढी एकादशी उलटल्यावर वद्य पक्षात पंढरीच्या पांडुरंगाची पालखी अरणास जाते. मळ्याला पाणी द्यावयाचे असल्यामुळे भक्ताला सवड नाही, हे कारण देवाने मान्य केल्याची ही दरसाल होणारी नोंद आहे.

जनाबाईंच्या जात्याविषयी लिहू लागलो की मला माझ्या आजीचे जाते आठवते. पंढरपुराजवळ गोपाळपुरात जनाबाईंचे म्हणून जे जाते दाखवितात ते मी पाहिले आहे आणि भाविकांप्रमाणे त्याला हातही लावला आहे. पण ते दगडाचे जाते माझ्यासाठी बोलले ते आजीच्या आवाजात. पहाटे तिसऱ्या प्रहरी आजी उठे. माजघरात दिवा नसे, कारण जात्याला दिवा लागत नाही, हाताला सगळे दिसते, असे तिचे म्हणणे. डाव्या हाताने वैरण घालावी, उजव्या हाताने खुंटा फिरवावा, आणि एका फेऱ्याला एक चरण या मापाने ओवी सरकावी. ओवीत आधी देव यावा, मग माहेर यावे, मग भाऊ, मग लेक, आणि शेवटी पुन्हा देव. दम लागला की ओवी थांबे, आणि ओवी थांबली की जातेही मंद होई. श्वास, हात, दगड आणि नाम यांची अशी मिळवणी मी पुढे कोणत्याही मठात पाहिली नाही. शास्त्रात ज्याला श्वासाशी जोडलेला जप म्हणतात, तो आजीला कोणी शिकविला नव्हता. पायली दोन पायली पीठ पडेतो तो आपोआप होत असे, आणि सकाळी घरातील दहा माणसे तो भाकरीतून खात. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ठेवल्या म्हणून त्यांचा काही भाग छापून आला; जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने आणि त्याच्या मावसभावाने उतरून घेतली नसती आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली नसती, तर घरोट आणि चूल यांतून किती खोल तत्त्वविचार निघू शकतो हे पांढरपेशा वाचकाला कळलेच नसते. बाकीचे सारे पिठाबरोबर गेले. आजीचे कष्ट मी गोड करून सांगू इच्छीत नाही. तिचे तळहात कायम सोलवटलेले असत, खांदा उतारवयात वर होत नसे, आणि गावात पिठाची गिरणी आली तेव्हा सर्वांत आधी तिने देवापुढे साखर ठेवली. जनाबाईंच्या कथेत विठ्ठल स्वतः जात्याला हात लावतो, याचा अर्थ मला तेव्हा उमगला. दळणे एकटीच्या आवाक्यातले नाही, हे जनाबाईंना आणि माझ्या आजीला ठाऊक होते. कोणीतरी समोर बसून खुंटा धरावा, ही त्यांची देवाकडे मागणी होती, आणि ती मागणी देवाकडे करावी लागली, कारण घरातला कोणी पुरुष समोर बसत नव्हता.

आळंदीहून पंढरपुरापर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट हे वारकऱ्यांचे विद्यापीठ होय, असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. विद्यापीठाची उपमा मला जुळत नाही, कारण तेथे शिकतात ते पाय. पहिल्या दिवसाचा उत्साह दिवेघाटात उतरतो, तळव्यांना फोड येतात, संध्याकाळी मुक्कामावर अनोळखी माणूस कोमट तेलाची वाटी घेऊन आपले पाय मांडीवर घेतो, आणि ज्याने आयुष्यात कोणाला पायाला हात लावू दिला नाही तोही निमूटपणे पाय पुढे करतो. तेथे कोणी कोणास भेटला की दोघेही वाकतात. कोणी आधी वाकावे याचा मान-मरातब ठरलेला नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, दिंड्यांचे क्रम, चोपदारांची आज्ञा, रथापुढच्या आणि रथामागच्या जागा, ती सरदारी लष्कराच्या कूचाची शिस्त आहे, आणि ती भजनाला इतकी मानवली की आज ती मूळची लष्करी होती हे आठवतही नाही. सप्ताहातील विण्याचा रिवाजही असाच अर्थपूर्ण आहे. सात दिवस अहोरात्र विणा जमिनीस टेकवावयाचा नाही. एका पहारेकऱ्याच्या गळ्यातून तो दुसऱ्याच्या गळ्यात जातो, आणि घेणारा व देणारा एकमेकांच्या पाया पडतात. मध्यरात्रीच्या पहाऱ्याला उभा राहून पेंगणाऱ्या मानेने ज्याने विणा सांभाळला आहे, त्याला अखंड नामस्मरण म्हणजे काय, हे मानेने सांगितलेले असते.

परंतु याच वाटेवर इरावती कर्वे चालल्या तेव्हा त्यांना दिसलेली एक गोष्ट त्यांनी आपल्या लेखात स्पष्टपणे लिहून ठेवली आहे. दिवसभर एका सुरात अभंग म्हणणारी माणसे जेवायच्या वेळी जातवार वेगळी बसत होती. पायांनी जे कबूल केले ते जिभेने नाकारले. देहात साधना उतरली असे आपण म्हणतो तेव्हा कोणत्या अवयवापर्यंत उतरली आणि कोठे अडली, हा प्रश्न मग टाळता येत नाही, आणि त्या प्रश्नापाशी या पुस्तकाचा आणि या प्रस्तावनेचाही अवघड भाग सुरू होतो.

चोखोबांच्या वाट्याला आलेले कर्म मेलेली जनावरे ओढण्याचे आणि वेठीचे होते. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळून १३३८ साली ते आणि त्यांचे सोबती त्याखाली गाडले गेले. नामदेव त्यांच्या अस्थी शोधावयास गेले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखून त्यांनी ती पंढरीच्या महाद्वारासमोर समाधिस्थ केली, असे परंपरा सांगते. नाम हाडांत मुरणे याहून देहगत साधनेची अधिक उत्कट प्रतिमा जगाच्या वाङ्मयात असेल असे मला वाटत नाही. पण ती हाडे भिंतीखाली का होती? भिंत बांधण्याची मजुरी त्यांना मिळत नव्हती. ती वेठ होती. जन्माने लादलेल्या कामाला पूजेची फुले म्हणा, असे त्या माणसाला सांगण्याचा अधिकार कोणाला होता? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच आक्षेप घेतला. मैला उचलणे हे उदात्त काम आहे असे त्या कामाला जखडलेल्या माणसाला सांगणे म्हणजे त्याच्या बेडीला मुलामा देणे होय, हा १९४५ मध्ये त्यांनी काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथातील युक्तिवाद आजही अबाधित आहे, आणि श्रमाच्या अध्यात्मावर लिहिणाऱ्या कोणालाही त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. माझा निर्णय एका वाक्याचा आहे: श्रमाला साधना म्हणण्याचा अधिकार तो श्रम स्वेच्छेने उचलणाऱ्यालाच आहे, आणि तोही स्वतःच्या श्रमापुरता. दुसऱ्याच्या घामाची आरती करणाऱ्याने आधी त्याचे ओझे खांद्यावर घ्यावे, आणि त्याची मजुरी चुकती करावी.

ही अट ज्यांनी मानली आणि पाळली, अशा तीन पुरुषांची प्रकरणे या संग्रहाच्या उत्तरार्धात आली आहेत. पहिले गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेल्या डेबूजीने १९०५ मध्ये घर सोडले ते हिमालयाकडे जाण्यासाठी नव्हे. अंगावर चिंध्या, एका हातात मातीचे गाडगे, दुसऱ्या हातात खराटा, अशा वेषात ते गावात शिरत आणि कोणाशी एक शब्द न बोलता गल्ल्या झाडू लागत. गटार उपसून होईतो दुपार होई. गाडग्यात पडलेली भाकर खाऊन झाली, की संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभे राही, आणि सकाळी ज्याला वेडा समजून पोरांनी खडे मारले होते, त्याच्यापुढे सारे गाव बसे. हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही. आधी कीर्तन करून मग गाव झाडावयास सांगितले असते तर तो उपदेश झाला असता. पंढरपुरात ते वर्षानुवर्षे गेले, पण त्यांची सेवा देवळाच्या गाभाऱ्यात रुजू झाली नाही; वाळवंटात आणि रस्त्यावर, यात्रेने मागे टाकलेल्या घाणीत ती रुजू झाली. नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्यांतील पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढे आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे गेली, आणि यांपैकी कशावरही त्यांनी स्वतःचा वा आपल्या मुलाबाळांचा हक्क लावून घेतला नाही. पायाला कोणी हात लावू गेला तर ते मागे सरत. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर, प्रवासातच त्यांचा देह पडला.

दुसरे कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन. उच्चवर्णीय कैद्याला मैलासफाईचे काम द्यावयाचे नाही, असा तुरुंगाचा दंडक होता, आणि रत्नागिरीच्या तुरुंगात असता अप्पांनी नेमके तेच काम मागितले. सरकारदरबारी अर्ज करून लोक काय काय मागतात! हा गृहस्थ पाटी आणि खराटा मागत होता, आणि नकार आला म्हणून अन्न कमी करीत होता. डिसेंबर १९३२ मध्ये या मागणीसाठी गांधींनी येरवड्यात उपोषण सुरू केले, तेव्हा सरकार हलले. सुटल्यावर अप्पांनी मेलेली ढोरे फाडण्याचे काम स्वतः शिकून केले, आणि कणकवलीस गोपुरी आश्रम काढून तेथे माणसाच्या हाताला मैल्याचा स्पर्शच होऊ नये अशा संडासांचे प्रयोग केले. मला या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व सर्वांत जास्त वाटते. घाणीत हात घालण्याची त्यांची तयारी होती. पण ती घाण कोणाच्याच कपाळी राहू नये यासाठी त्यांनी बुद्धीही खर्चिली. चोखोबांच्या हाडांना दिलेले उत्तर म्हणून मला कोणते प्रकरण दाखविता येत असेल तर हे.

तिसरे विनोबा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर जी अठरा प्रवचने दिली, आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, ती आपल्या घरोघर आहेत. त्यानंतर पवनारला धाम नदीच्या काठी त्यांनी त्या प्रवचनांचे जे भाष्य हातांनी लिहिले ते तितके वाचले गेले नाही. तासन्‌तास सूत काततच राहावयाचे, बैलांच्या जागी माणसांनी रहाट ओढावयाचा, पैशाचा व्यवहारच न ठेवता शेतीवर जगावयाचे, असे प्रयोग तेथे झाले. स्वातंत्र्याच्या आगेमागे ते रोज खांद्यावर फावडे टाकून सुरगाव या जवळच्या खेड्यात मैला साफ करावयास जात. एके दिवशी नदीला पूर आला आणि पलीकडे जाणे अशक्य झाले. काठावर उभे राहून त्यांनी पलीकडच्या एका गावकऱ्याला हाक मारली आणि देवळात जाऊन देवाला निरोप सांगावयास सांगितले. बाबा आले होते म्हणून सांगतो, असे तो म्हणाला. तसे नको, गावचा सफाई करणारा येऊन गेला असे सांग, असे विनोबांनी त्याला बजावले. वेदोपनिषदांचा एवढा व्यासंग असलेल्या पुरुषाने देवाच्या हजेरीपटावर आपले नाव कोणत्या हुद्द्याखाली लिहून घेतले, हे पाहिले म्हणजे दासबोधातील बोरूचा समास पुन्हा आठवतो.

या संग्रहात उणिवा आहेत. गोव्याकडील परंपरेला येथे स्थान मिळालेले नाही, सूफी दर्ग्यांतील सेवेचा उल्लेखही नाही, आणि स्त्रियांच्या वाट्याला आलेली प्रकरणे त्यांनी केलेल्या कामाच्या मानाने फारच थोडी आहेत. पुढील आवृत्तीत संग्राहकांनी ही बाकी फेडावी. मात्र जे आहे ते प्रामाणिकपणे आणि पायी हिंडून गोळा केलेले आहे, आणि त्यात कोठेही भाबडा गौरव नाही, हे मी जबाबदारीने सांगू शकतो.

वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरात असे एखादे काम असेल, जे आजवर आपल्यासाठी दुसरेच कोणी करीत आले आहे, मोरी घासण्याचे असेल, खरकटे काढण्याचे असेल, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे असेल. ते एक दिवस, कोणाला न सांगता, स्वतः करावे. आणि मग हात धुऊन या पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडावे.